घंटीनंतरचं एक वाक्य

घंटी वाजली तेव्हा मोठमोठ्यानं प्रार्थना करणारे सगळे एकदम गप्प झाले; एक आवाज तेवढा थांबायचा राहून गेला. भरभर चालणारा माणूस "थांब" म्हटल्यावरही दोन पावलं पुढं जातोच, तसं त्या आवाजाचं झालं, आणि त्या दोन पावलांत एक वाक्य अख्ख्या हॉलमध्ये स्वच्छ ऐकू आलं. "त्यांच्या काळजीतनं सोडव रे मला, देवा." मग तो आवाजही ओशाळून थांबला. बायकांच्या बाजूला कुणी मान वळवून पाहिलं नाही. पास्टरगारूंनी घंटी टेबलावर ठेवली, चष्मा पुसला आणि पुढच्या गाण्यासाठी ढोलकवाल्याकडे बघून मान हलवली. कुणाला काही कळलंच नव्हतं. हॉलमधली सगळी माणसं तेलुगू आणि ते वाक्य मराठी. कळलं ते एकट्या शिवराजला. दाराजवळच्या खांबाला पाठ टेकून तो सतरंजीवर मांडी घालून बसला होता, डोळे मिटलेले होते, आणि ते उघडायची आता त्याची छाती होईना. आवाज त्याच्या बायकोचा होता.

आधी त्याला वाटलं, भास झाला. भासांची त्याला तशी सवयच होती. खिशातला फोन न वाजताच वाजल्यासारखा वाटे, जिन्यावर कुणी नसताना कुणी धावत आल्यासारखं वाटे. मग वाटलं, दुसरी कुणी असेल. काचीगुड्यात मराठी बायकांना काय तोटा, गल्लीगल्लीत आहेत. पण त्या "सोडव रे" मधला "रे" तो घरात रोज ऐकत होता. दूध उतू जायला लागलं की भाग्यलक्ष्मी पातेल्याला म्हणायची, "थांब रे बाबा." नळाला पाणी येईना झालं की नळाला म्हणायची, "ये रे, किती वाट बघायची." देवाशीसुद्धा ती त्याच सुरात बोलत असेल हे त्याला ठाऊक नव्हतं. ती इथं येते हेच मुळी ठाऊक नव्हतं. मघाशी कचेरीतून निघण्यापूर्वी त्यानं तिला फोन केला होता, रोज करायचा तसा. "कुठं आहेस?" "देवळात जाऊलाले की," ती म्हणाली होती. तो "बरं" म्हणाला होता, आणि स्वतः कचेरीतच आहे असं सांगून जिना उतरला होता.  

शिवराजची सबंध हयात "कुठं आहेस?" विचारण्यात चालली होती. गौलीगुड्याच्या बाजूला एका मालवाहतुकीच्या कचेरीत तो लॉऱ्यांवर लक्ष ठेवायचं काम करी. सोलापूरची गाडी कुठवर आली, नागपूरची का अडली, हे दिवसभर ड्रायव्हरांना फोन करकरून विचारायचं. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. ड्रायव्हर "बस साब, पहुँच गयाच" म्हणाला तरी मागून येणाऱ्या भांड्यांच्या आवाजावरून हा अजून ढाब्यावरच लोळतोय हे तो ओळखे, आणि मालक खूश होऊन म्हणे, "शिवराज के कान हैं भई." त्या कानांनी गेले कित्येक शुक्रवार भाग्यलक्ष्मीच्या फोनच्या मागं ढोलक ऐकलं होतं. "शुक्रवारचं देवीचं भजन असतं," ती कुजबुजत सांगायची, आणि त्याला बरं वाटायचं. बायको देवळात आहे, चार बायकांत आहे, सुरक्षित आहे. ढोलक कुठलं, हे ओळखायचं त्या कानांना सुचलं नव्हतं. तेच ढोलक आता समोर वाजत होतं आणि दुपारच्या सुटीत, ती निघून गेल्यावर, त्याच ढोलकाच्या तालावर तोही कित्येकदा डोळे मिटून डोललेला होता. आज कचेरीतली सिस्टिम बंद पडली, मालकानं सगळ्यांना सकाळीच मोकळं केलं, म्हणून तो तिच्या वेळेला येऊन पोहोचला. एवढंच झालं होतं. संगणक चालू असता तर दोघं आणखी वर्षभर एकाच देवाकडे पाळीपाळीनं येत राहिली असती.

इथं त्याला आणलं अप्पारावनं. अप्पाराव शेजारच्या टेबलावर बसणारा, बिलट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडणारा, धर्म बदलला तरी नाव न बदललेला गडी. त्यानं शिवराजला एकदा कचेरीच्या जिन्यात बसलेलं पाहिलं होतं, कॉलरचं बटण तोडून काढलेलं, तोंड उघडून श्वास ओढत असलेलं. भाग्यलक्ष्मीनं फोन उचलला नव्हता, बस. ती अंघोळीला गेली होती हे नंतर कळलं. तोवर शिवराजनं मनात तिला दवाखान्यात नेलं होतं, तिच्या माहेरी कळवलं होतं, मुलीला, तन्वीला, बेंगळुरूहून कोणत्या गाडीनं बोलवायचं हेही ठरवलं होतं. डॉक्टरांनी छातीची पट्टी काढून पाहिली होती. काही निघालं नव्हतं. "टेन्शन घेऊ नका," ते म्हणाले होते, जणू हा बाजारातून पिशवी भरून टेन्शन घेऊन येत होता. अर्धी गोळी, पाव गोळी, अनुलोमविलोम, शनिवारी मारुतीला तेल, सगळं झालं होतं. अप्पारावनं काही विचारलं नाही. शुक्रवारी दुपारी डबा खायच्या वेळेला त्यानं त्याला उठवलं, लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर नेलं आणि चपला जिन्यात काढायला लावल्या. आत एका बाजूला बाप्ये, एका बाजूला डोक्यावरून पदर घेतलेल्या बाया, भिंतीवर रंगानं काढलेला साधा क्रूस. आणि सगळे एकदम, मोठमोठ्यानं, आपापलं काहीतरी देवाला सांगत होते. कुणी रडत होतं, कुणी छाती बडवून भांडत होतं. "प्रभुवा, प्रभुवा" एवढंच त्यातून वर येई. शिवराज भांबावून अप्पारावकडे बघत राहिला. अप्पाराव त्याच्या कानाला लागून म्हणाला, "तुम भी बोल देव भाई, ज़ोर से. कोई नै सुनते इधर. सब अपने-अपनेच में हैं."

कोई नै सुनते. हे त्याला पटलं आणि तेच त्याला लागू पडलं. घरच्या देव्हाऱ्यापुढं उभं राहिलं की मागं भाग्यलक्ष्मी असे, मारुतीच्या देवळात ओळखीचे असत, आणि मनातल्या मनात मागितलं की मन मध्येच भलतीकडे पळे. इथं त्या गदारोळात तोंड उघडलं तेव्हा त्याचा स्वतःचाच आवाज त्याला धड ऐकू येईना, आणि त्यामुळंच बोलता आलं. काय हाक मारायची हे कळेना. येशू म्हणायला जीभ वळेना, म्हणून "देवा" म्हणाला. पुढं पुढं "प्रभू" यायला लागलं. "भाग्याला काही होऊ देऊ नको. ती माझ्या नजरेसमोर राहू दे." एवढंच. पुन्हा पुन्हा तेच. पास्टरगारू मधूनमधून हात पसरून सांगत, "मी भारम् इक्कड पेट्टंडि," तुमचं ओझं इथं ठेवा, आणि तेवढं तेलुगू त्याला चांगलं कळे. तो ठेवी. आणि खरंच, मानेमागची शीर सैल पडायची, पोट सुटं व्हायचं, श्वास आपला आपण खालपर्यंत जाऊन यायचा. लहानपणी तापातून उठल्यावर आई पेज द्यायची, त्या पेजेच्या पहिल्या घोटासारखं आत काहीतरी ऊन ऊन उतरायचं. हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं. आपण कोण, आपलं कूळ कोणतं, उदगीरकडच्या भावकीला कळलं तर काय म्हणतील, असलं सगळं मनात होतंच. घरी गेल्यावर तो हातपाय जरा जास्तच घासून धुवायचा. पण शुक्रवार सोडला नाही. आणि प्रार्थना संपली की जिना उतरून, बुटात पाय घालता घालता, खिशातून फोन काढून विचारायचा, "कुठं आहेस?"

गाणं संपलं. पास्टरगारूंनी पुन्हा हात वर केले आणि पुन्हा सगळे एकदम बोलायला लागले. शिवराजनं आता डोळे उघडले. समोर नुसती पदर घेतलेली डोकी, हिरवी, पिवळी, तपकिरी. पाठीमागून सगळ्या सारख्या. आज ती साडी नेसण्यापूर्वीच तो घरातून निघाला होता, तेव्हा कोणती साडी ते माहीत नव्हतं. मग भिंतीच्या कडेला एक डावं कोपर दिसलं. कोपर मांडीवर टेकून ती तळहातावर कपाळ धरून बसली होती, तन्वीचा ताप उतरत नव्हता तेव्हा बसायची तशी. तिच्याशेजारी त्यांच्याच इमारतीतली तळमजल्यावरची सुगुणम्मा होती. म्हणजे हिनं आणलं. कढीपत्ता आणायला म्हणून भाग्यलक्ष्मी हिच्याकडे जायची, ती इतका वेळ कढीपत्ताच तोडत होती का, असं त्यानं एकदा विचारलंही होतं. तेव्हा ती हसली होती. या क्षणी उठून निघून जायला हवं होतं. दार तर हाताशी होतं. हे शिवराजला कळत होतं, अगदी लख्ख कळत होतं, आणि तरी तो गेला नाही. ड्रायव्हरांच्या फोनमागचे आवाज ओळखणारे ते कान त्यानं त्या कोपराकडे लावले. सगळा तेलुगू गलबला बाजूला सारून त्यातून एक मराठी धागा ओढून काढायचा, हे काम जणू त्याच्यासाठीच राखून ठेवलं होतं.

ती सावकाश बोलत होती, रडत नव्हती. "...फोन वाजला की पोटात गोळा येतो रे. भाजीवाल्याकडे उभी असले तरी येतो. उचलला नाही तर त्यांचा जीव जातो, उचलला तर माझा जातो. खोटं बोलून इथं येते मी, तुझ्याच दारात येते आणि देवळात हाय म्हणते, ते तू घालून घे पोटात." मध्ये कुणीतरी मोठ्यानं "स्तोत्रम्" म्हणालं आणि धागा तुटला, पुन्हा सापडला तेव्हा ती अंबरपेठच्या बहिणीचं काहीतरी सांगत होती, चार दिवस तिच्याकडे जाऊन नुसतं पडून राहायचं होतं, ते किती वर्षं राहून गेलं. "तन्वी का येईना झाली ते त्यांना कळत नाही. ती मला म्हणते, मम्मी, पप्पांनी विचारलं की मला श्वास पुरत नाही. आता मला पण पुरत नाही. मी कुणाला सांगू? माणूस वाईट नाही रे. वाईट असता तर भांडले असते, माहेरी गेले असते. चांगलाय. चांगल्या माणसाचं काय करायचं ते तूच सांग."  श्वास पुरत नाही हे त्याचं वाक्य होतं. ते त्यानं डॉक्टरांना सांगितलं होतं, अप्पारावला सांगितलं होतं, देवाला सांगितलं होतं; हा त्याचा आजार, त्याचा एकट्याचा, आणि तो घरात ताटावाटीसारखा सगळ्यांना वाढला गेला होता. तो खाली बघत राहिला. सतरंजीचा एक दोरा निघालेला होता, तो त्यानं बोटाला गुंडाळला. आणि मग ती आणखी हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी त्यांना यायला उशीर झाला, तेव्हा मनात आलं, काही झालं असेल तर... आता फोन वाजणार नाही. असं आलं रे मनात. क्षणभर बरं वाटलं मला. माफ कर. मी अशी नव्हते."

तेव्हा शिवराजनं दोन्ही हात कानांवर दाबले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तिच्याबद्दल आणखी काही ऐकायचं नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं डोळे किलकिले करून पाहिलं आणि हा माणूस प्रार्थनेत फार खोल गेलाय असं समजून त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हातानं शिवराजला हुंदका फुटला असता. तो तसाच वाकून, रुमाल तोंडाला लावून, भिंतीच्या कडेनं दारापर्यंत सरकला आणि बाहेर पडला. जिन्यात चपलांचा ढीग होता. त्यात तिच्या चपला त्याला लगेच दिसल्या. डाव्या चपलेचा अंगठा त्यानंच चौकातल्या मोच्याकडून शिवून आणला होता, तुटून पडली वाटेत तर काय करशील म्हणून. काळ्या चपलेला तपकिरी दोरा. येताना तो हाच ढीग ओलांडून आत गेला होता. त्याचे बूट तिच्या चपलांपासून हातभर अंतरावर होते. ते त्यानं उचलले, घातले नाहीत, हातात धरून पायमोज्यांनीच जिना उतरला आणि खाली पत्रिकांच्या दुकानासमोर आल्यावर घातले. दुकानात एक जोडपं मुलीच्या लग्नाची पत्रिका पसंत करत होतं आणि नवरा म्हणत होता, "तुला आवडेल ती घे."

समोर इराण्याचं हॉटेल होतं. रस्ता ओलांडून तो आत गेला, खिडकीजवळ बसला, चहा समोर आला. फोन टेबलावर ठेवला. फोन करायची वेळ झाली होती. त्यासाठी त्याला घड्याळ लागत नसे. छातीत डावीकडे आधी एक बारीक ठिणगी पडे, मग घसा आवळे, मग बोट आपोआप तिच्या नावावर जाई, ती "हौ, बोला" म्हणाली की सगळं विझे. आज ठिणगी पडली आणि बोट गेलं नाही. मग जे सुरू झालं त्याची त्याला ओळख होती, पण शेवट माहीत नव्हता, कारण शेवटापर्यंत तो कधी गेलाच नव्हता. त्याआधीच फोन लावत आला होता. हॉटेलच्या भिंती जवळ आल्या. कपबशा आपटण्याचा आवाज डोक्याच्या आत होऊ लागला. आणि नेहमीप्रमाणे त्या सगळ्याच्या तळातून अंबाजी सायकल घेऊन निघाला. अंबाजी, त्याचा मोठा भाऊ. उदगीरच्या घराच्या ओट्यावर शिवराज गोट्या मांडून बसला होता, अंबाजीनं सायकलीवर टांग मारली, याच्याकडे बघून भुवया उडवल्या आणि गेला. हमरस्त्यावर ट्रक होता. माणसं सांगायला आली तेव्हा आईनं आधी रडण्याऐवजी याला गदागदा हलवून विचारलं होतं, "तू होतास ना? कुठं चाललास म्हणून विचारलं का नाहीस?" आई पुढं ते विसरून गेली. शोकात माणूस काय वाटेल ते बोलतो. पण त्या दिवसापासून शिवराजनं उंबऱ्याबाहेर जाणाऱ्या कुणालाही विचारल्याशिवाय सोडलं नव्हतं.

प्रार्थना करावी म्हणून त्यानं डोळे मिटले. प्रभू, तो म्हणाला, मनातल्या मनात, कारण इथं मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. आणि पुढचं वाक्य आपोआप आलं, इतक्या शुक्रवारांच्या सवयीनं आलं. भाग्याला काही होऊ देऊ नको, ती माझ्या नजरेसमोर... तो दचकून थांबला. समोर, पत्रिकांच्या दुकानाच्या वर, त्याच देवाला, त्याच भाषेत, त्या बाईनं आत्ता मागितलं होतं की याच्या नजरेतून मला सोडव. एकाच दारात दोन अर्ज पडले होते. तो दुपारी येऊन म्हणायचा, धरून ठेव. ती सकाळी येऊन म्हणायची, सोडव. किती शुक्रवार हे चाललं होतं. देव काय करत असेल, या विचारानं त्याला भलत्या वेळी हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ओझं इथं ठेवा, म्हणत होते. त्यानं ठेवलेलं ओझं म्हणजे ती, आणि तिनं ठेवलेलं ओझं म्हणजे तो. आणि आपल्याला तिथं जे मिळत होतं, मान सैल पडत होती, पोट सुटं होत होतं, त्याला शांती म्हणायचं तरी कसं. जिना उतरल्याबरोबर आपण ते ओझं उचलून फोनवरून तिच्याच डोक्यावर देत होतो. त्याला स्वतःची शिसारी आली. हॉटेलच्या पोऱ्याला हाक मारून कुठंतरी झोपायला जागा आहे का विचारावं, घरी जाऊच नये, असंही क्षणभर वाटून गेलं.

फोन वाजला. भाग्यलक्ष्मी. तिनं आपणहून कधी फोन केल्याचं त्याला आठवेना. त्याची गरजच पडत नसे.

"अहो, फोन नाही केलात?" तिनं विचारलं. "बरं हाय ना सगळं?"

"हौ. बरंय." तो म्हणाला. "काम होतं जरा."

"मी देवळात होते. आत्ता निघूलाले. भाजी घेते अन् सरळ घरी जाते. सुगुणम्मा हाय सोबत, एकटी नाही मी." न विचारता ती सगळं सांगत होती, नाक्यावरच्या पोलिसाला कागद दाखवावेत तसं एकेक काढून पुढं ठेवत होती. आजवर हे त्याला गोड वाटत आलं होतं.

"सावकाश ये," तो म्हणाला. "घाई करू नको. मी फोन करत नाही आता."

 मग अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, "का? माझं काही चुकलं का?"

शिवराजनं कपाळ टेबलावर टेकलं. त्याला वाटलं होतं, हे ऐकून ती सुटेल. ती तर आणखी घाबरली होती. अंबरपेठला जा, बहिणीकडे चार दिवस पडून राहा, हे वाक्य त्याच्या अगदी ओठांवर आलं, आणि त्यानं दात घट्ट मिटले. ते बोललं की तिला कळणार होतं. ज्या एका जागेत तिचं कुणी ऐकत नव्हतं तिथंही हा बसलेला होता, हे तिला कळणार होतं, आणि मग तिला तोंड उघडायला जगात जागा उरणार नव्हती. ही एक गोष्ट तरी आता त्याच्या हातात होती. ऐकलेलं न ऐकल्यासारखं पोटात ठेवणं, जन्मभर. यापुढं वरच्या त्या हॉलमध्ये न जाणं. शुक्रवार तिचा.

"तुझं काय चुकणार," तो म्हणाला. "मला काम फार आहे, म्हणून म्हटलं. देवळात जात जा तू. बरं असतं ते."

"हौ," ती म्हणाली, आणि बराच वेळ फोन चालूच ठेवला, पुढचा प्रश्न येईल म्हणून. कोणतं देऊळ, कोण कोण होतं, किती वेळ लागेल, असे सगळे प्रश्न शिवराजच्या तोंडात गर्दी करून उभे होते. त्यानं फोन ठेवला.

खिडकीतून पत्रिकांच्या दुकानाचा जिना दिसत होता. थोड्या वेळानं बायका उतरायला लागल्या. सुगुणम्मा उतरली, रिक्षावाल्याशी दोन शब्द बोलली आणि स्टेशनच्या बाजूला निघून गेली. मग ती आली. जांभळी साडी होती. शेवटच्या पायरीवर तिनं चपला सरळ केल्या, पाय घातले, डोक्यावरचा पदर खाली घेऊन खांद्यावर नीट केला. फोन हातात होता. तो वाजेल म्हणून ती तिथंच उभी राहिली, रस्त्याच्या कडेला, दुचाकीवाले हॉर्न वाजवत तिला वळसा घालून जात होते. शिवराजची छाती आता एवढ्या जोरानं उडत होती की शर्टाचं बटण हलताना त्याला दिसत होतं. एवढ्या गर्दीत उभी आहे. बाजूला तर हो. एक बस आली, दोघांच्या मध्ये उभी राहिली, आणि त्या वेळात काय काय होऊन गेलं हे त्यालाच ठाऊक. बस हलली. ती होती. तिनं फोनकडे आणखी एकदा पाहिलं आणि तो पिशवीत टाकला. पिशवीची चेन लावली. आणि ती घराच्या दिशेला वळली नाही. भाजीबाजाराच्याही नाही. ती उलट्या बाजूला, गौलीगुड्याकडे चालू लागली, आधी नेहमीसारखी भरभर, मग थोडी सावकाश, मग एका बांगड्यांच्या दुकानासमोर थांबून काचेतून आत बघत राहिली, कुणीही बाई बघते तशी.

कुठं चालली? त्याला माहीत नव्हतं. अंबरपेठची बस तिकडून मिळते. तिकडंच चालली असेल, किंवा नसेल. तो अर्धवट उठला. हात खिडकीच्या गजावर होता. त्या गजाचा गारवा, ओट्यावरच्या फरशीचा गारवा, भुवया उडवून निघून गेलेला अंबाजी, सगळं एकदम अंगावर आलं, आणि आईचा आवाज आला, विचारलं का नाहीस. शिवराज खाली बसला. बोटं बधिर झाली होती, कुणी नाडी पाहिली असती तर दवाखान्यात नेलं असतं. त्यानं त्या सगळ्याशी भांडायचं सोडून दिलं. होऊ दे. त्यानं डोळे मिटले नाहीत. पाठमोरी जांभळी साडी गर्दीत मिसळत होती, दिसत होती, नाहीशी होत होती, आणि भर हॉटेलात, कपबशांच्या खणखणाटात, शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघतील याची पर्वा न करता तो मोठ्यानं मराठीत बोलला.

"प्रभू, माझं राहू दे. तिचं ऐक."

कुणी वळून पाहिलं नाही. जांभळी साडी आता कुठंच दिसत नव्हती. शिवराजनं निवलेला चहा उचलला; थोडा बशीत सांडला. तो त्यानं बशीतूनच प्याला.